शिल्लक नवी की कमी चाललेली जुनी : ऑफ-रोड मोटरसायकल घेतानाचा माझा अनुभव

माझ्यासमोर दोन गाड्या होत्या. दोन्ही 250 सीसी फोर-स्ट्रोक एंड्युरो (रानवाटांवर लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या), एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेल-सालाच्या. पहिली वेळेत विकली न गेल्यामुळे शोरूममध्ये उरलेली, मीटरवर शून्य. दुसरी एकाच मालकाची, अवर मीटरवर (इंजिन किती तास चाललं ते मोजणारा मीटर) 30 च्या आसपास तास. दोन्ही पाहताना काय तपासलं, कशाच्या आधारे हिशेब मांडला आणि शेवटी का एकीकडे झुकलो, ते इथे लिहितोय.

आधी पैशांचं. शिल्लक गाडीवर विक्रेता सवलत सांगतो ती यंदाच्या मॉडेलच्या किमतीशी तुलना करून. हा आकडा छान दिसतो, पण त्याचा उपयोग नाही. गाडी तुम्ही उद्या विकायला काढलीत तर समोरचा पहिला प्रश्न विचारतो तो मॉडेल कुठल्या सालाचं. तुम्ही ती कधी विकत घेतली याला तो किंमत देत नाही. म्हणजे शिल्लक गाडीचं एक वर्ष वय शोरूममध्येच झालेलं आहे आणि पहिले काही तास चालल्यावर ती त्याच सालाच्या जुन्या गाड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहते. म्हणून तुलना करायची ती त्याच सालाच्या कमी चाललेल्या गाडीशी.

यंदाच्या मॉडेलची किंमत 100 धरा. शिल्लक गाडी 88 ला सांगितली आणि वाहतूक, जोडणी, कागदपत्रं मिळून 4 वर गेले, तर ती दारात 92 ला पडली. जुनी 71 ला आहे. तिच्यावर लगेच करायचा खर्च, म्हणजे टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, तेल-फिल्टर, एखादा बेअरिंगचा संच, 8 धरला तर 79. फरक 13. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, प्रत्येकाने आपले घालायचे. माझा निकष असा की फरक 10 च्या आत असेल तर डोळे झाकून शिल्लक नवी, त्यापुढे गेला तर जुनी नीट तपासून घ्यायची. हे 10 म्हणजे जुन्या इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडायची वेळ आलीच तर होणारा खर्च, असं मी धरतो.

यात एक अपवाद मोठा आहे. मधल्या काळात गाडीची पिढी बदलली का, हे आधी बघायचं. नुसते स्टिकर आणि रंग बदलले असतील तर शिल्लक गाडी घेण्यात काहीच गमावत नाही. पण केटीएमच्या 300 ईएक्ससीचं पाहा : 2023 पर्यंत तिला टीपीआय इंधनप्रणाली (इंधन सिलिंडरच्या पोर्टमध्ये सोडणारी) आणि एक्सप्लोर फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअप) होते, 2024 ला टीबीआय (इंधन थ्रॉटल बॉडीत सोडणारी) आली, पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टची वाट कमी-जास्त करणारी झडप) इलेक्ट्रॉनिक झाला आणि पुढच्या चाकाला बंद कार्ट्रिजचे फोर्क आले. अशा वेळी जुन्या पिढीची शिल्लक नवी गाडी आणि त्याच पिढीची जुनी गाडी, दोघींचेही भाव उतरतात, आणि नवी घेणाऱ्याला तो उतार जास्त सोसावा लागतो. उलट बाजूही आहे. मागची पिढी चार वर्षं चाललेली असेल तर तिच्या खोडी सगळ्यांना माहीत असतात आणि सुटे भाग भरपूर मिळतात. पहिल्या वर्षाची नवी पिढी घेण्यापेक्षा मला हे केव्हाही बरं वाटतं.

आता शिल्लक गाडी. ती चाललेली नसली तरी उभी राहून काही गोष्टी बिघडतात. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो; 2322 म्हणजे 2022 सालचा 23 वा आठवडा. रबर कडक झालंय का ते टायरवरच्या गोट्यांच्या (उंच ठोकळ्यांच्या) कोपऱ्यात नख रुतवून कळतं. ऑफ-रोडचे टायर तसेही लवकर झिजतात, त्यामुळे यावरून गाडी नाकारू नये, फक्त भाव करताना बोलावं. बॅटरीला मल्टिमीटर लावा. पूर्ण चार्ज लेड-अ‍ॅसिड बॅटरी 12.6 व्होल्टच्या वर दाखवते, लिथियम 13.2 च्या वर. लिथियम 12 च्याही खाली गेलेली असेल तर व्यवहारातच नवी मागायची. चार्जरने ती वर येते, पण थंडीत स्टार्टर फिरवायला कमी पडते.

टाकीत पेट्रोल घालून कुणी चार वेळा गाडी चालू करून दाखवली आणि मग ते पेट्रोल तसंच राहिलं, तर त्याचा चिकट थर बसतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत आधी पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) बुजतो : गाडी चोक लावून चालते आणि चोक काढला की बंद पडते. इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टर आणि टाकीतला फिल्टर बघावा लागतो. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. जुन्या पेट्रोलचा वास वार्निशसारखा येतो. ब्रेकचं डॉट 4 तेल हवेतलं पाणी शोषतं आणि दोन वर्षांत बदलायचं असतं. उभ्या गाडीलाही हे लागू आहे. एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) उघडून बघायला लाजू नका. गोदामात उभ्या गाडीत उंदरांनी घर केलेलं असू शकतं, आणि फोमच्या फिल्टरचे तुकडे इंजिनात गेले तर शून्य तासांच्या गाडीचं पिस्टन खराब होतं.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न एकच : वॉरंटी कुठल्या तारखेपासून धरली आहे? विक्रीचं उद्दिष्ट पूर्ण करायला काही विक्रेते गाडी कागदोपत्री आधीच विकलेली दाखवतात. मग वॉरंटीचे महिने शोरूममध्येच संपत राहतात आणि तुम्ही कागदावर दुसरे मालक ठरता. मुळात स्पर्धेच्या गाड्यांना वॉरंटी अगदी थोड्या महिन्यांची असते, काहींना नसतेच. हे तोंडी न विचारता लेखी मागा. चेसिस नंबर देऊन कंपनीकडून दोन गोष्टी खात्री करता येतात : नोंदणीची तारीख, आणि त्या गाडीवर काही रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने परत बोलावणं) बाकी आहे का. अनेक देशांत 17 अक्षरी चेसिस नंबरातलं दहावं अक्षर मॉडेलचं साल सांगतं : पी म्हणजे 2023, आर म्हणजे 2024, एस म्हणजे 2025.

जुन्या गाडीत अवर मीटर हा साक्षीदार समजायचा, न्यायाधीश नाही. बाहेरून लावलेला मीटर बदलता येतो, त्याची वायर काढता येते. गाडीला किलोमीटरचा मीटरही असेल तर किलोमीटरला तासांनी भागा. ताशी 15 च्या खाली उत्तर आलं तर गाडी दगड-ओढ्यांत, क्लच दाबत चालली आहे. 30 च्या वर आलं तर मोकळ्या वाटेवर. तेवढेच तास, पण क्लच आणि इंजिनाचं आयुष्य वेगळं. मग शरीरावरच्या खुणा : फूटपेगचे दात बोथट झालेत का, बुटांनी फ्रेमचा रंग किती घासलाय, स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) चेन स्लायडरला किती खोल खाच पडलीय. ब्रेकच्या डिस्कची कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते. पुढे 3 मिलिमीटरची डिस्क 2.5 ला बाद, मागे 4 ची 3.5 ला, असं बऱ्याच गाड्यांत असतं. 520 मापाची चेन ताणून धरून 18 रोलरांचं अंतर मोजायचं. 272 मिलिमीटरच्या पुढे गेली की संपली. 30 तासांच्या गाडीवर डिस्क 2.6 वर असेल आणि स्प्रॉकेट नवंकोरं, तर मीटर खरं बोलत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी एअरबॉक्सवर दिला. फिल्टर काढला आणि त्याच्या मागच्या रबरी नळीत, इंजिनाच्या बाजूला, पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून फिरवलं. फडकं तेलकट पण स्वच्छ निघालं तर मालकाने फिल्टर धुवून, तेल लावून, कडेला ग्रीस देऊन बसवला आहे. तांबूस किंवा करडी रेघ आली तर धूळ आत गेली आहे, आणि बारीक धूळ व्हॉल्व्हची सीट, रिंग आणि सिलिंडर एकत्रच खाते. अशा गाडीचे तास कितीही कमी असोत, मी पुढे बोलत नाही. फिल्टरची कड रबराला नीट टेकली नव्हती हे त्या रेघेच्या जागेवरूनही कळतं : वरच्या बाजूला असेल तर बसवताना चूक, खालच्या बाजूला असेल तर पाणी-चिखलातून आलेली.

दुसरी पक्की तपासणी टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातल्या फटीची. या इंजिनांत टॅपेट सैल होत नाहीत, उलट व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो आणि गॅप कमी होतो. गॅप मर्यादेखाली गेला की गाडी थंड असताना स्टार्ट व्हायला त्रास देते. म्हणून जुनी गाडी पूर्ण थंड असतानाच पाहायची. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या वेळी जायचं. फीलर गेजने मोजायला मालकाने परवानगी दिली तर इनटेकचा गॅप मॅन्युअलशी जुळवा, 0.10 ते 0.15 मिलिमीटर अशी मर्यादा अनेक एंड्युरो इंजिनांत असते. मग विचारायचं, शिम (ही फट जुळवणारी बारीक चकती) कधी बदलली आणि कुठल्या मापाची आहे. एकदा शिम बदलणं नेहमीचं आहे. थोड्याच तासांत दुसऱ्यांदा बदलली असेल तर व्हॉल्व्हचा कडक थर गेला आहे आणि हेड उघडावं लागणार. कॉम्प्रेशन गेजवर फार भिस्त ठेवू नका, कारण ऑटो-डिकॉम्प्रेशनमुळे (स्टार्ट करताना सिलिंडरमधला दाब आपोआप कमी करणारी सोय) आकडा कमीच येतो. लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते मोजणं) जास्त खरी : 10 टक्क्यांच्या आत उत्तम, 20 च्या पुढे कारण शोधायला हवं.

बाकीचं हातानं कळतं. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक हळूच वर उचला. शॉकअप हलायच्या आधी टकटक जाणवली तर लिंकेजचे (मागचा शॉकअप स्विंगआर्मला जोडणाऱ्या सांध्यांचे) बेअरिंग गेले. पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे सोडा. मधोमध अडकलं तर कोनसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) गेला. पुढचा एक्सल ढिला करून हाताने सरकतो का बघा, हातोडी लागत असेल तर फोर्क पिळलेले आहेत. वॉटर पंपाखालच्या छोट्या छिद्रातून कूलंट झिरपत असेल तर सील बदलावं लागेल.

तास समजून घेताना गाडीचा प्रकार विसरू नका. मोटोक्रॉसच्या 250 ला स्पर्धेच्या वापरात 30 तास म्हणजे पिस्टन बदलायची वेळ झाली किंवा होऊन गेली. एंड्युरो इंजिनाला तेच 30 तास तारुण्य आहे, पिस्टनचा विचार शंभराच्या पुढे. रस्त्यावर चालणाऱ्या ट्रेल गाडीला तर 30 तास म्हणजे रनिंग-इन संपलेलं. म्हणून गाडी मोटोक्रॉसची असती तर माझं पारडं सरळ शिल्लक नवीकडे गेलं असतं. टू-स्ट्रोक असती तर जुनीकडे अजून सहज, कारण पिस्टन-रिंगचं काम तुलनेने स्वस्त आणि घरी होणारं.

माझ्या व्यवहारात शिल्लक गाडीची वॉरंटी आधीच सुरू झालेली निघाली, हे लेखी मागितल्यावरच कळलं, आणि विक्रेता त्यासाठी भाव उतरवायला तयार नव्हता. जुनीचं फडकं स्वच्छ आलं, टॅपेट मर्यादेत होते, दर 15 तासांनी तेल बदलल्याची नोंद वहीत होती. चेसिस आणि इंजिनाचे नंबर मूळ बिलाशी जुळले. ज्या ऑफ-रोड गाड्यांची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, त्यांच्या बाबतीत मूळ बिल हाच मालकीचा पुरावा, ते नसेल तर गाडी कितीही छान असो, घेऊ नये. जुनी घेतली.

आणल्यावर पहिलं काम लिंकेज आणि स्विंगआर्म खोलून वॉटरप्रूफ ग्रीस भरण्याचं. हे नव्या गाडीतही करावं लागलं असतं, कारखान्यातून ग्रीस नेहमी बेताचंच येतं. मग स्पोक ताणले, ब्रेकचं तेल आणि कूलंट बदललं, आणि सॅग (वजनाने गाडी किती दबते ते) मोजला. आधीच्या मालकाचं वजन वेगळं असेल तर स्प्रिंगही वेगळी असू शकते. लिंकेजच्या गाडीत स्वार बसल्यावर मागची बाजू 100 ते 105 मिलिमीटर दबायला हवी, आणि प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) तेवढा जुळवल्यावर रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने 30 ते 40. रिकाम्या गाडीचा आकडा 30 च्या बराच खाली आला तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे, 40 च्या वर गेला तर कडक. स्प्रिंग बदलायची असेल तर तो खर्च वर धरलेल्या 8 मध्ये आधीच मोजून ठेवा.