वीस माणसांचा स्वयंपाक, कलत्या ओट्यावर

केप टाउन सोडून अकरावा दिवस होता. क्लिपर राउंड द वर्ल्ड रेस, म्हणजे शिडाच्या बोटींची पृथ्वीप्रदक्षिणेची स्पर्धा. तिचा हा टप्पा ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलपर्यंतचा, पावणेपाच हजार सागरी मैलांच्या आसपास. वाटेत थांबा नाही. आणि त्या दिवशी बोटीवरची ‘मदर ड्यूटी’ माझ्याकडे होती, म्हणजे दिवसभर सगळ्यांचा स्वयंपाक.

आमच्या ७० फुटी बोटीवर स्किपर (कप्तान) आणि मेट (त्याचा मदतनीस) सोडले तर सगळे हौशी. इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टला प्रशिक्षण घेऊन आलेले, पण पोटापाण्याचे धंदे वेगळेच. दोन तुकड्या. दिवसा सहा-सहा तासांच्या दोन पाळ्या, रात्री चार-चार तासांच्या तीन. पाळ्या पाच असल्यामुळे आज मध्यरात्री डेकवर असलेली तुकडी उद्या त्या वेळी झोपलेली असते. सहा तासांच्या सुट्टीत झोप मात्र जेमतेम चार तास मिळते. ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा अंगभर पोशाख, उतरवणं, खाणं, पुन्हा अर्धा तास आधी उठून तोच ओला सूट चढवणं, यातच बाकीचा वेळ जातो. बंक, म्हणजे झोपायची फळीही आपली एकट्याची नसते; एकजण उठला की दुसरा त्याच्या उबेत शिरतो.

म्हणून जेवण वेळेवर लागतं. पाळी बदलायच्या आधी एका तुकडीला आणि बदलल्यावर दुसरीला गरम खायला मिळालं नाही, तर तेवढी त्यांची झोप तुटते. हे मला डेकवर भुकेने थरथरत असताना कळलं होतं, त्यामुळे त्या दिवशी घड्याळाकडे माझं सारखं लक्ष होतं.

पहाटेच ब्रेडची कणीक मळली. चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली बोटीच्या आत सगळं गार आणि दमट असतं, पीठ फुगायचं नाव घेत नाही. मग जनरेटर चालू झाला की पातेलं त्याच्या शेजारी अडकवून ठेवायचं. बॅटऱ्या चार्ज होतात, समुद्राच्या पाण्यातून पिण्याचं पाणी तयार होतं आणि पीठही वर येतं. तासाभराने फडकं उचललं तेव्हा कणीक पातेल्याच्या काठाला टेकली होती. इतका आनंद मला घरच्या ओव्हनसमोर कधी झाला नव्हता.

स्टोव्ह झुलता असतो, बोट कलली तरी भांडं सपाट राहतं. आपण मात्र कलतो. कमरेला पट्टा अडकवून, एक गुडघा कपाटाला टेकवून कांदा चिरायचा. पायात जाड वॉटरप्रूफ पँट हवीच, मग आत कितीही उकडो. दुपारी एक लाट आडवी आली, चमच्याने ढवळत होते तो रस्सा थेट मांडीवर आला आणि पँटवरून खाली ओघळला. कातडीला धग लागली, फोड आला नाही. त्यानंतर प्रेशर कुकरशिवाय काही शिजवलं नाही. झाकण घट्ट बसतं, सांडत नाही, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं.

संध्याकाळी त्याच कुकरमध्ये मसूर आणि तांदळाची खिचडी केली. आईने दिलेल्या गोड्या मसाल्याची छोटी डबी सामानात होती, ती त्या दिवशी उघडली. फोडणीचा वास वर डेकवर गेला आणि सुकाणूवरच्या माणसाने खाली वाकून विचारलं, काय शिजतंय? माझ्याबरोबर ड्यूटीवर असलेल्या आजोबांना, हो, तिथे साठीतली माणसंही होती, मी सांगितलं की ही स्पर्धा सुरू करणारे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९ साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले ठरले, ते ज्या ‘सुहैली’वर, ती ३२ फुटी सागवानी बोट मुंबईत बांधलेली. याच दक्षिणी समुद्रातून ती गेली. आजोबांनी हातातला वाडगा खाली ठेवला आणि म्हणाले, “मग आजचं जेवण तिच्या गावचं.”

खोल वाडग्यांतून खिचडी वर पोचली. हातमोजे घातलेल्या हातांनी वाडगे धरून सगळे गप्प बसून खात होते. कोणी बोललं नाही.

मदर ड्यूटीनंतर पाळी नसते. भांडी खाऱ्या पाण्याने घासून झाली आणि आडवी झाले. रात्रभर वर दोर ओढण्याचे, दोर गुंडाळणाऱ्या विंचचे आवाज येत होते, पण मला कोणी हाक मारली नाही. सकाळी खांद्याला हात लागला. दुसऱ्या दिवशीची ड्यूटी असलेली मुलगी चहा घेऊन उभी होती, कप सांडू नये म्हणून अर्धाच भरलेला.