थ्रो-इन

रविवार, रात्रीचे साडेदहा

बूट अजून ओले आहेत. आत 'तरुण भारत'ची पुरवणी कोंबून ठेवलीय. उद्या पहिली पाळी, झोपायला हवं. पण तो पोरगा डोळ्यांसमोरून हलत नाही.

झालं काहीच नाही खरं तर. दुसऱ्या हाफची दहा-बारा मिनिटं झाली असतील. लेले मैदानावर हा चिखल, चुन्याची रेघ पावसानं निम्मी धुऊन नेलेली. बॉल बाहेर गेला तो पांढऱ्यांच्या पायाला लागून, म्हणजे थ्रो निळ्यांचा. मी चार पावलांवर होतो, स्वच्छ दिसलं. आणि हात केला तो पांढऱ्यांच्या बाजूनं. वर शिट्टीही मारली. थ्रो-इनला शिट्टी लागत नाही, नुसता हात पुरतो, हे रेफरीच्या वर्गात तीनदा सांगून झालंय. पण मी सध्या घाबरलो की शिट्टी मारतो.

निळ्यांचा सात नंबर बॉल घ्यायला वाकला होता. असेल सोळा-सतरा वर्षांचा. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी चुकलोय हे त्याला कळलं, आणि ते मलाही कळलंय हेसुद्धा त्याला कळलं. मी तोंड घट्ट करून उभा. आता येणार अंगावर. तर तो काही बोललाच नाही. बॉल जर्सीला पुसला, पांढऱ्यांच्या पोराच्या हातात दिला आणि मागं जाऊन आपला माणूस धरला.

पुसून दिला. हेच सारखं आठवतंय.

बदलता आलं असतं. नियम 5 मध्ये सरळ लिहिलंय, खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आधी चूक लक्षात आली तर रेफरीला निर्णय फिरवता येतो. पाच-सहा सेकंद होते हातात. 'चुकलं, निळ्यांचा' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. कारण पहिल्या हाफमध्ये मला लोकांनी सोलून काढलं होतं. थ्रो-इनवरून थेट ऑफसाइड होत नाही, हे रेघेवरच्या एका काकांना ठाऊक नव्हतं; ते छत्री हलवत माझी अक्कल काढत होते. कुणीतरी कानडीत ओरडलं, "कण्ण काणंगिल्लेन्री?" डोळे दिसत नाहीत का, पण 'री' लावून. आमच्याकडं बेळगावात आंधळा म्हणतानाही अहोजाहो करतात, तेवढीच इज्जत. त्याचं काही वाटलं नाही. लागलं ते मराठीतलं. "खेळत होतास ते बरं होतं की, हे काय करूलास?" आठ वर्षं ज्याच्या शेजारी राईट बॅक खेळलो, त्यानं म्हणावं. जाऊ दे त्याचं.

कशासाठी करतोय मी हे? गुडघा तर गेलाच आहे. आठवड्यातून एक सुट्टी, ती चिखलात. फाऊल दिला तर विकला गेला, नाही दिला तर झोपला. दोन्ही लाइन्समन क्लबांनीच दिलेले, आपापल्या क्लबाचे झेंडे धरल्यासारखे उभे. पंचवीस माणसांत मी एकटा.

शिट्टीला दम नाही म्हणतात माझ्या. म्हणून गेला आठवडाभर गच्चीवर सराव केला. साध्या फाऊलला तोकडी, पेनल्टीला लांब, करकरीत. तिसऱ्या दिवशी आईनं खालून विचारलं, "तिसरी झाली न्हवं? गॅस बंद कर गे." हिनं उठून खरंच बंद केला. भात कच्चा राहिला, पण माझी शिट्टी ऐकून कुणीतरी काहीतरी केलं, असं तेव्हा मनात आलं होतं. आता हसू येतंय.

वर्गात ती 1966 च्या वर्ल्ड कपची गोष्ट सांगतात. वेम्बलीवर इंग्लंड-अर्जेंटिना. रेफरी जर्मन क्राइटलाइन, कॅप्टन अर्जेंटिनाचा रात्तीन. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही. बाहेर काढलं तरी रात्तीन हलेना, दुभाषा द्या म्हणत अडून राहिला. त्या गोंधळावर विचार करताना तिथल्या रेफरींचा प्रमुख केन अॅस्टन, त्याला रस्त्यातला सिग्नल दिसला, आणि 1970 च्या वर्ल्ड कपपासून पिवळं-लाल कार्ड आलं. इथं तर मराठी, कानडी, कॅम्पातली हिंदी, दर पाच मिनिटाला दुभाषा लागेल. म्हणून मला वाटायचं, रात्तीनसारखा कुणी अडला तर आपलं काय होणार? सगळी तयारी त्याचीच. छाती पुढं, नजर सरळ, पाठ फिरवून चालू लागायचं. मुकाट्यानं ऐकणारा भेटला तर काय करायचं, याची तयारीच नव्हती. दिवसभरात पहिल्यांदा कुणी माझं निमूट ऐकलं, आणि तेही नेमकं चुकलेलं.

त्या थ्रोमधून पुढं काही झालंही नाही. तीन पासात बॉल परत बाहेर. गोल बसला असता तर निदान भांडण झालं असतं, एकदाचं मिटलं असतं.

सुटताना गाडी चालू होईना. पावसात भिजली की ती अशीच करते. किका मारून मारून गुडघा बोलायला लागला. मागून हा आला, सात नंबर, बूट गळ्यात लटकवलेले. म्हटलं, आत्ता सांगावं. तोंडही उघडलं होतं.

"सर, चोक ओढा."

ओढला.

"आता सोडा. एक जोरात मारा."

मारली. चालू झाली. तो दुसऱ्या गेटच्या दिशेनं गेलासुद्धा.