जांभळा रंग गेला, पण क्रोमियम?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी उसाचं चिपाड घेतलं. 'शेतातल्या टाकाऊ मालानं पाण्यातलं क्रोमियम काढणे' असं प्रस्तावात झोकात लिहिलं होतं. कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर मागायला गेले, तर मामा म्हणाले, "टाकाऊ कुठलं गं? मग चुलवाणात काय घालू?" पोतंभर दिलं मात्र. साखर कारखान्यांतही बगॅसवर, म्हणजे याच चिपाडावर, बॉयलर चालतो, वीज होते. फुकटचा कचरा म्हणायचं ते आमच्या प्रस्तावांतच.

खरा वेळ खाल्ला तो धुण्यानं. साखर आणि तपकिरी रंग सुटतच राहतो. डिस्टिल्ड पाण्यात उकळायचं, निथळायचं, पुन्हा उकळायचं. पाणी स्वच्छ आलं की वाळवून, दळून, चाळून घ्यायचं. यात कंटाळा केला तर धातू काढायच्या नादात पाण्यात सेंद्रिय घाण वाढते. त्यामानानं पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण सोपं: लिटरला २.८२९ ग्रॅम घातलं की १००० मिलिग्रॅम क्रोमियम.

मोजणी डायफेनिलकार्बाझाइड या रसायनानं. आम्लात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप, डायक्रोमेटमधलं) असलं की सुरेख जांभळा रंग येतो, तो ५४० नॅनोमीटरला वाचायचा. पीएच ७ ला चिपाड ढिम्म. पीएच २ वर नेऊन रात्रभर शेकरवर ठेवलं, तर सकाळी जांभळा रंग उमटेचना! म्हणजे क्रोमियम गेलं! मॅडमना दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "एकूण क्रोमियम किती आहे?"

ते या रंगावरून कळत नाही; तो फक्त हेक्झाव्हॅलंट दाखवतो. त्यासाठी ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनच्या यंत्रावर नंबर लावावा लागला, आणि आमच्याकडे त्या यंत्राची रांग म्हणजे रेशनची रांग. निकाल आला तेव्हा क्रोमियम पाण्यातच होतं, बऱ्यापैकी. आम्लात चिपाडातलं लिग्निन (वनस्पतीला कडकपणा देणारा घटक) इलेक्ट्रॉन देतं आणि हेक्झाव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट, म्हणजे क्रोमियमचं दुसरं रूप होतं. ते कितीतरी कमी विषारी, पण धनभारित. आणि पीएच २ ला चिपाडाचा पृष्ठभागही धनभारित, मग चिकटणार कसं? नंतर पीएच ५ च्या आसपास आणला तेव्हा कुठे ते चिपाडावर बसू लागलं. 'नव्व्याण्णव टक्के निर्मूलन' असं कुठे वाचलं की मी आता आधी मोजणीची पद्धत बघते.

प्रबंधात म्हणून दोन रकाने केले, हेक्झाव्हॅलंट वेगळं आणि एकूण वेगळं. नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्याच्या मर्यादाही तशाच आहेत: हेक्झाव्हॅलंट लिटरला ०.१ मिलिग्रॅम, एकूण २. दुसऱ्या रकान्यातले आकडे काही मिरवण्यासारखे नव्हते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी आयसोथर्मच्या (चिपाडावर किती क्रोमियम बसतं ते दाखवणाऱ्या) आलेखांकडे पाहिलंसुद्धा नाही. "वापरलेलं चिपाड कुठे टाकलंत?" जाळलं तर क्रोमियम राखेत राहतं, शिवाय पुन्हा हेक्झाव्हॅलंट व्हायची भीती. ते बरणीत बंद करून, लेबल लावून घातक रसायनांच्या कचऱ्यात दिलं होतं. सरांनी बरणी मागवून लेबल वाचलं आणि मग पुढचा प्रश्न विचारला.