जुन्या माउंटन बाइकच्या ‘शॉकअप’ची ओळख आणि किंमत : माझा अनुभव

माझ्यासमोर आलेला पिवळ्या रंगाचा, ‘रॉकशॉक्स ज्यूडी एसएल’ असे कंपनी-मॉडेलचे स्टिकर लावलेला फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्के शोषणारा सांगाडा, म्हणजेच ‘शॉकअप’). विचारणा नेहमीचीच: कोणत्या सालचा आणि किती येतील? स्टिकर मी शेवटी वाचतो. 1990च्या दशकातल्या फोर्कची स्टिकर आजही नव्याने छापून मिळतात, रंगही कुणीतरी पुन्हा मारलेला असू शकतो.

आधी वजन. दीड किलोच्या आत भरला तर मॅग्नेशियमच्या लोअरचा (चाक धरणाऱ्या खालच्या नळ्यांचा), शर्यतीसाठीचा फोर्क असण्याची शक्यता वाढते. स्वस्त सायकलींसोबत येणारे स्टीलचे फोर्क अडीच किलोच्या आसपास जातात. त्यांना सुट्या विक्रीत जवळपास गिऱ्हाईक नसते, ते सायकलबरोबरच गेलेले बरे.

मग व्हर्निअर कॅलिपर. स्टीअररचा (फ्रेममधून वर हँडलकडे जाणाऱ्या नळीचा) बाहेरचा व्यास 25.4 मिमी आला तर एक इंची, 28.6 आला तर सव्वा इंची नव्हे, एक पूर्णांक एक-अष्टमांश इंची (सव्वा इंचीचा 31.8 येतो). या तिघांत घोळ करून फोर्क विकत घेणारे पुष्कळ. त्यानंतर आटे आहेत की नाहीत ते पाहायचे. आटे नसलेला 28.6 चा स्टीअरर सर्वात खपाऊ. खाली रुंद होत जाणारा (टेपर) असेल तर तो फोर्क या काळातला नाहीच.

वयाचा दुसरा पुरावा ब्रेकच्या जागी मिळतो. फक्त कँटिलिव्हर किंवा व्ही-ब्रेकचे (रिमवर दाबणाऱ्या ब्रेकांचे) खुंट आणि डिस्कसाठी काहीच नाही, म्हणजे बहुधा 1990च्या दशकाच्या मध्यातला. 51 मिमी अंतरावर दोन भोके असलेला कान म्हणजे आयएस माउंट, दशकाच्या अखेरीपासून पुढचा. 74 मिमी अंतरावरचे दोन आट्यांचे खांब म्हणजे पोस्ट माउंट. ॲक्सलसाठी 9 मिमीचा उघडा ड्रॉपआउट (ॲक्सल बसण्याची खाच) आहे, की ॲक्सल 20 मिमीचा किंवा 15 मिमीचा आरपार आहे, हेही लिहून ठेवायचे. अनुक्रमांक मिळाला तर क्राउनखाली (दोन्ही पाय वर जोडणाऱ्या तुकड्याखाली) किंवा मागच्या बाजूला मिळतो. फॉक्सच्या अलीकडच्या फोर्कवर लोअरच्या मागे चार अक्षरी कोड असतो, त्यावरून कंपनी नेमके मॉडेल सांगते. ज्यूडीच्या काळातल्यांना एवढी चैन नाही.

माझ्यासमोरचा पिवळा फोर्क या सगळ्यांतून पार पडला. ज्यूडी मालिका 1995च्या मॉडेलपासूनची, आणि किमतीचा खरा निकाल आता पोटात आहे.

टॉप कॅप उघडली की एलास्टोमरचे (स्प्रिंगचे काम करणाऱ्या रबरासारख्या युरेथेनचे) तुकडे बाहेर येतात. बोटांत दाबल्यावर लगेच फुगले तर चांगले. चिकट झाले, चुरा पडला किंवा दगडासारखे झाले तर संपले. युरेथेनला दमट हवा खाते, त्यामुळे मुंबई-कोकणात पडून राहिलेल्या फोर्कमध्ये काळा लगदा निघाला तर नवल वाटत नाही. हा दोष मात्र किमतीला फार मारक नाही, कारण पर्यायी स्प्रिंग मिळू शकते. डॅम्परचे (उसळी आवरणाऱ्या तेलाच्या भागाचे) तसे नाही. सुरुवातीच्या ज्यूडीचे प्लास्टिकचे कार्ट्रिज (डॅम्परची तेल भरलेली नळी) गळण्यासाठी प्रसिद्ध आहे. तपासणी सोपी: फोर्क पूर्ण दाबून सोडायचा. तो ताडकन वर उसळून ठक्क वाजला तर तेल गेले. नंतर बसवलेले ॲल्युमिनियमचे कार्ट्रिज आत निघाले, तर चालवणारा ग्राहक खूश होतो आणि संग्राहक नाक मुरडतो.

स्टॅन्शनवर (लोअरमध्ये सरकणाऱ्या वरच्या नळ्यांवर) सर्वात जास्त वेळ घालवावा. कापडाने पुसून, वळवून उन्हात पाहायचे. नख अडेल असा ओरखडा वायपर (लोअरच्या तोंडाशी नळी पुसणारे रबर) जिथपर्यंत जातो त्या भागात असेल तर नवे सील टाकूनही तेल बाहेर येणार. त्या भागाच्या वर असेल तर तो फक्त दिसण्याचा प्रश्न. एका बाजूचा लेप घासून चंदेरी पट्टा दिसला, तर बुशिंगही (लोअरच्या आत स्टॅन्शन धरणारी कडी) झिजलेली असतात. लोअर धरून पुढे-मागे हलवल्यावर खटखट जाणवते. हे सायकलवर बसवलेला असताना तपासले तर हेडसेटची (स्टीअरर फिरतो त्या बेअरिंगची) ढिलाई आणि बुशिंगची ढिलाई यांत फसगत होते, म्हणून सुटाच तपासावा. ड्रॉपआउट आणि ब्रेकच्या खुंटाजवळ पांढरी भुकटी म्हणजे मॅग्नेशियम खाल्ले गेले; तिथे भेग दिसली तर तो फोर्क चालवायला द्यायचा नाही, भिंतीवर टांगायला द्यायचा.

स्टीअररची लांबी किंमत ठरवते. 110 मिमी हेडट्यूब (फ्रेमची पुढची नळी), हेडसेटचे अंदाजे 28 आणि स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) 40 धरले तर 178 लागतात. कापून 150 उरला असेल तर फक्त छोट्या फ्रेमवाले घेतील.

भाव पाहताना मागितलेली किंमत मी धरत नाही. ईबेवर विक्री पूर्ण झालेल्या जाहिरातीच वेगळ्या करून पाहायच्या, त्याच मॉडेलच्या, त्याच अवस्थेतल्या. त्यातून सील, स्प्रिंग आणि डॅम्परचा खर्च वजा. संग्राहकांची मागणी रॉकशॉक्सचेच आरएस-1, मॅग 21, सुरुवातीचा ज्यूडी आणि 1997चा केशरी मार्झोकी बॉम्बर झेड-1 अशा थोड्याच फोर्कना. आरएस-1 च्या मागे तर 1990च्या दुरँगो जागतिक स्पर्धेतले अमेरिकन सायकलपटू ग्रेग हर्बोल्डचे डाउनहिल (उतारावरच्या शर्यतीचे) विजेतेपद आहे. हे गिऱ्हाईक मुख्यतः युरोप-अमेरिकेत, म्हणून भारतातून विकताना टपालखर्च आणि सीमाशुल्क जोडूनच आकडा सांगावा. इथल्या खरेदीदाराला 26 इंची चाकाचा, डिस्क न बसणारा फोर्क संग्रहमूल्याने घ्यायला लावणे अवघड.

जाहिरातीत चार फोटो हवेतच: पट्टी लावलेला स्टीअरर, दोन्ही स्टॅन्शन मागून-पुढून, ड्रॉपआउट जवळून आणि क्राउनखालचा क्रमांक. डॅम्पर मेला असेल तर तसे पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर घासाघीस तिथूनच सुरू होते.