चर्चगेट ते वांद्रे, तेरा वर्षांत

आम्ही कॅनडातल्या रिजायनाला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. शनिवारी सकाळी मी कलिंगड आणायला गेले, तर दुकानात एकही कलिंगड नाही. नुसतं भलंमोठं रिकामं खोकं. गल्ल्यावरच्या मुलीला विचारलं, तर दिवाळीत "आज एवढ्या पणत्या कशाला?" असं विचारणाऱ्या माणसाकडे आपण जसं बघू, तशी ती माझ्याकडे बघायला लागली. "आज मॅच आहे ना," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी उलगडा झाला. सिग्नलपाशी पन्नाशीचा एक गृहस्थ उभा होता. अंगात हिरवा टी-शर्ट, डोक्यावर कलिंगड. आतला गर खरवडून काढलेला, तोंडापुढे चौकोन कापलेला आणि रस मानेवरून ओघळत कॉलरपर्यंत आलेला. शेजारी बायको, तिच्याही डोक्यावर तसंच. दोघं अगदी गंभीर चेहऱ्याने रस्ता ओलांडायची वाट बघत होते. कलिंगडाचं शिरस्त्राण घालून सामन्याला जायची इथली रीत आहे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

संघाचं नाव सस्कॅचवान रफरायडर्स. सगळे नुसतं 'रायडर्स' म्हणतात. रिजायना ही सस्कॅचवान प्रांताची राजधानी, पण वस्ती जेमतेम सव्वादोन लाखांची. चहूकडे सपाट शेती. (तुम्ही घरी मसुराची आमटी करता ना, त्यातली मसूर या बाजूच्या शेतातून आलेली असू शकते. मला स्वतःला हे इथे आल्यावर कळलं.) थंडीत पारा उणे तीस-चाळीसपर्यंत उतरतो. संघ कुणा शेठजीच्या मालकीचा नाही, लोकांचाच आहे. दुसरा मोठा विरंगुळा गावात नाही, त्यामुळे रायडर्स म्हणजे गणपती आणि आयपीएल एकत्र.

खेळ कॅनेडियन फुटबॉल. नावात फूट आहे, पण पायाचं काम कमीच. अंडाकृती चेंडू काखेत घ्यायचा आणि समोरच्या गर्दीत घुसायचं. मला तो समजावला शेजारच्या आजोबांनी. पंचाहत्तरी ओलांडलेली, पण बर्फ पडला की आमच्या दारातला बर्फही तेच आधी उपसून मोकळे. नियम सांगताना ते पाच मिनिटांत एका नावावर येऊन थांबायचे. जॉर्ज रीड. नियम कुठलाही निघो, उदाहरण रीडचंच.

मी कबड्डीवरून समजून घेतलं. चेंडू घेऊन घुसणारा तो रनिंग बॅक म्हणजे चढाईपटू. समोरचे त्याची पकड करणार. फरक इतकाच, की इथे चढाईपटूच्या पुढे त्याचीच चार-पाच दांडगी माणसं असतात. ती धक्के देऊन फट पाडतात, आणि ही फट पापणी लवेपर्यंतच टिकते. तेवढ्यात तो आत गेला तर गेला. मैदान 110 यार्ड लांब, 65 यार्ड रुंद, माणसं बाराबारा. दहा यार्ड पुढे जायला तीन संधी मिळतात. अमेरिकेत चार मिळतात, आणि सगळी गंमत या एका संधीच्या फरकात आहे. तिसऱ्या खेपेलाही दहा यार्ड पुरे झाले नाहीत, तर आहे तिथून चेंडू समोरच्याच्या हवाली करावा लागतो. म्हणून बहुतेक वेळा तिसऱ्या खेपेला लाथ मारून चेंडू लांब धाडून देतात. म्हणजे हातात खऱ्या अर्थाने दोनच संधी. दोनांत दहा यार्ड काढायचे तर चेंडू फेकणं सोयीचं, पळणं जिवावरचं.

आता रीडचा हिशेब बघा. 1963 ते 1975, तेरा मोसम, सगळे याच एका संघाकडून. 3,243 वेळा चेंडू घेऊन घुसला आणि एकूण 16,116 यार्ड कापले. भागाकार करा: खेपेला पाचाला अगदी थोडे कमी. पाच आणि पाच दहा. जिथे खरं तर दोनच संधी, तिथे हा माणूस तेरा वर्षं खेपेला सरासरी जवळजवळ निम्मं काम उरकून उठत होता.

पाच यार्ड म्हणजे किती, हे आजोबांनी त्यांच्या दारात पावलं टाकून दाखवलं. गॅरेजच्या दारापासून गाडीच्या मागच्या चाकापर्यंत, संपलं. मला हसू आलं. एवढंच? "मग जाऊन दाखव," ते म्हणाले. माझ्या पिशवीतला कोबीचा गड्डा माझ्याच काखेत दिला, मध्ये माझा नवरा आणि त्यांचा जावई उभे केले. दोघांना सक्त ताकीद, बाईमाणूस म्हणून गय करायची नाही. मी दोन पावलं गेले असेन. तिसऱ्याला हिरवळीवर आडवी, आणि कोबी फुटपाथवर. खांदा आठवडाभर दुखत होता. माझ्या आडवे आलेले दोघंही चाळिशीचे, पोट सुटलेले, आणि हसत होते. रीडच्या समोरचे शंभर-सव्वाशे किलोंचे असायचे आणि हसत नसायचे.

रीडचा जन्म अमेरिकेतला, मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा. वाढला पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन राज्यात, कॉलेजही तिथलंच. रिजायनाला आला तेव्हा चोविशीतही नव्हता. त्याचं पळणं देखणं नव्हतं, असं आजोबा स्वतःच सांगतात. गिरक्या नाहीत, हुलकावण्या नाहीत. खाली वाकून सरळ मधोमध. सगळ्यांना माहीत असायचं की आता चेंडू रीडकडे जाणार, आणि तरी तो पाच यार्ड घेऊन जायचा. त्याच वर्षी ऑटवा संघाने नको झालेला रॉन लँकेस्टर नावाचा बुटका क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, इकडे पाठवून दिला. एक फेकणार, एक घुसणार. ही जोडी पुढे तेरा वर्षं टिकली.

पण मैदानाबाहेरचं पहिलं वर्ष वेगळं होतं. काळा माणूस म्हणून रीडला या गावात भाड्याने घर मिळेना. पुढे ज्याच्या नावाने आबालवृद्ध ओरडणार होते, त्याला आधी दारातून परत पाठवलं. हे आजोबांनी सांगितलं नव्हतं, मी नंतर वाचलं. विचारलं तर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हो. खरं आहे." मग बराच वेळ बागेतलं तण काढत राहिले.

मला आमचीच घरशोधणी आठवली. फोनवर "या, बघून जा" म्हणणाऱ्या एका घरमालकाने आम्हाला दारात पाहिल्यावर, जागा आत्ताच गेली म्हणून सांगितलं होतं. त्याच जागेची जाहिरात पुढचे तीन आठवडे तशीच होती. पण तक्रार करायला माझी जीभ अडखळते. मुंबईत आमच्याच सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाडेकरूचं आधी आडनाव आणि मग मासे खाता का, हे विचारून नकार दिलेले मी ऐकलेत, आणि तेव्हा मी चहाचे कप गोळा करत होते.

रीड मात्र राहिला. 1965 मध्ये 1,768 यार्ड, आणि लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. 1966 चा ग्रे कप (लीगचं अजिंक्यपद) म्हणजे इथल्या लोकांची 1983. तोवर सस्कॅचवानचा संघ आठ वेळा अंतिम सामना हरला होता. नवव्यांदा व्हँकुव्हरला गाठ पडली ती ऑटवाशी, आणि गंमत अशी की त्यांचंही नाव रफ रायडर्स! उच्चार तोच, इकडे एक शब्द, तिकडे दोन. आठ-नऊ संघांच्या लीगमध्ये एकाच नावाचे दोन संघ कित्येक वर्षं सुखाने नांदले, आणि कुणाला बदलावंसं वाटलं नाही, हे मला अजून पचलेलं नाही. मध्यंतराला 14-14 अशी बरोबरी. लँकेस्टरने, ज्याला ऑटवाने घालवलं त्याने, आपल्या फेकींवर तीन टचडाउन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचवणं) मिळवून दिले. शेवटच्या टप्प्यात रीड फटीतून निसटला आणि थेट 31 यार्ड पळत गेला. 29-14. त्या दिवशी त्याचे 133 यार्ड झाले आणि सामन्याचा मानकरीही तोच. आजोबा तेव्हा विशीत होते. ते 31 यार्ड सांगताना अजूनही खुर्चीतून उठतात.

त्यानंतर रीड आणखी तीनदा ग्रे कपच्या अंतिम सामन्यात खेळला, 1967, 1969, 1972. तिन्ही हरला. त्याचं कुणी फारसं काढत नाही.

थांबला तेव्हा जगात कुठल्याच व्यावसायिक लीगमध्ये कुणी इतकं अंतर पळालेलं नव्हतं. अमेरिकेच्या जिम ब्राऊनचे 12,312 होते. तेरापैकी अकरा मोसमांत हजाराच्या वर. खेळता खेळता तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्षही झाला, निवृत्तीनंतरही अनेक वर्षं ते काम करत राहिला, आणि राहिला याच मातीत. 34 नंबरची जर्सी संघाने कायमची बाजूला ठेवली.

34 आकडा ऐकला आणि मी आजोबांना गावस्कर सांगायला बसले. 34 कसोटी शतकं, तेही कुणी देखणं म्हणून बघायला जात नसे, असं म्हणणारे माझे एक काका आहेत. (मला ते पटत नाही, पण त्या काकांशी वाद घालून उपयोग नसतो.) कसोटी पाच दिवस चालते आणि शेवटी कुणीच जिंकत नाही असंही होतं, हे ऐकल्यावर मात्र आजोबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला कलिंगडांच्या वेळी गल्ल्यावर दिसली होती.

गावस्करचा तो विक्रम 2005 मध्ये सचिनने मोडला. त्याच्या आदल्याच वर्षी रीडचा मोडला माइक प्रिंगलने. प्रिंगल लॉस एंजेलिसचा. त्याची कहाणी रीडच्या बरोबर उलट: या गावातून त्या गावात, संघामागून संघ. कॅनडाच्या लीगने मध्यंतरी अमेरिकेत संघ काढायचा उद्योग करून पाहिला होता, त्यातल्या बाल्टिमोरकडून 1994 मध्ये त्याने 1,972 यार्डांचा विक्रम केला. पुढच्या वर्षी बाल्टिमोरने ग्रे कप जिंकला, तो सामना कुठे झाला असेल? इथेच, रिजायनात, रीडच्या जुन्या टेलर फील्डवर, बोचऱ्या सोसाट्याच्या वाऱ्यात. महिन्याभरात संघाने बाल्टिमोरमधून गाशा गुंडाळायला घेतला आणि तो माँट्रियलला गेला. 1998 मध्ये तिथे प्रिंगलने एका मोसमात 2,065 यार्ड काढले. दोन हजारांच्या वर त्याच्याशिवाय कुणीच गेलेलं नाही. 2004 अखेर त्याची एकूण बेरीज 16,425. आणि टचडाउन? रीडचे 137, प्रिंगलचेही 137. एकाचाही फरक नाही. पळत जाऊन केलेले मोजले तर अजून रीडच पुढे, 134 विरुद्ध 125. हे शेवटचं वाक्य आजोबांचं, आणि ते प्रिंगलचं नाव निघालं की आपोआप येतं.

1 ऑक्टोबर 2023 ला रीड गेला. दुसऱ्या दिवशी 84 पूर्ण झाली असती. त्या दिवशी आजोबा अंगणात पानं गोळा करत होते, अंगात पिवळट पडलेली जुनी 34 ची जर्सी, कोपरापाशी उसवलेली. मी शिऱ्याची वाटी घेऊन गेले. दुसरं काय करतात हे मला सुचलं नाही. त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला.

रात्री बाबांशी व्हिडिओ कॉल झाला तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. बाबा पश्चिम रेल्वेत लोकलचे गार्ड होते. खेळातलं त्यांना काही कळलं नाही, पण आकड्यांवर कान टवकारले. "सोळा हजार यार्ड म्हणजे किलोमीटर किती?" मी फोनवर गुणाकार केला. पावणेपंधराला जरा कमी. त्यांना चर्चगेटपासूनचं एकेक स्टेशन अंतरासकट पाठ आहे, त्यामुळे डोळे मिटून लगेच म्हणाले, "वांद्रे! चर्चगेटहून निघून तेरा वर्षांनी वांद्र्याला पोचला तुझा माणूस. आमच्या वेळी पाच मिनिटं उशीर झाला तर लोक अंगावर यायचे."

"आणि त्याचा विक्रम मोडला तो कुठवर गेला?"

309 यार्ड जास्त. मी परत गुणाकार केला, सव्वादोनशेच्या वर, नाही, पावणेतीनशेच्याही वर मीटर.

"म्हणजे एक बारा डब्यांचा फलाट," बाबा म्हणाले. "मग तोही वांद्र्यालाच की. तो मोटरमनच्या बाजूला उतरला, खारच्या टोकाला. तुझा रीड मागच्या टोकाला, गार्डाच्या डब्यापाशी." मग जरा थांबून, आईला ऐकू जाईल अशा आवाजात, "माझ्या डब्यातनं!"