दुसऱ्यांदा उडालेला फ्यूज

काकूंचा फोन आला तेव्हा तक्रार जुनीच होती. कपडे वाळवायचा ड्रायर फिरतो, पण गरम होत नाही. सात महिन्यांपूर्वी याच तक्रारीसाठी मी त्यांच्याकडे गेलो होतो, थर्मल फ्यूज बदलला होता आणि अर्ध्या तासात बाहेर पडलो होतो. या वेळीही निघताना बॅगेत नवा फ्यूज टाकला.

प्लग काढला, मागचा पत्रा उघडला, मल्टिमीटर लावला. फ्यूज उडालेलाच होता. हा बोटाच्या पेराएवढा तुकडा मशीनमधून बाहेर जाणाऱ्या हवेवर पहारा ठेवतो. हवा ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापली की तो तुटतो आणि हीटर बंद पडतो. एकदा तुटला की पुन्हा जुळत नाही, बदलावाच लागतो. नवा फ्यूज हातात घेतला आणि तसाच थांबलो. सात महिन्यांत दोनदा? हवा इतकी तापतेय कशाने?

"काकू, कपडे वाळायला वेळ किती लागत होता?"

"हल्ली तीन-तीनदा लावायला लागतं. तरी टॉवेल दमटच. आणि वरून एवढं तापतं, की हात ठेववत नाही. मला वाटलं, मशीन जुनं झालं."

हे सगळं त्यांनी मागच्या वेळीही सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

मशीन भिंतीपासून ओढलं. मागे चंदेरी फॉइलचा, पेटीच्या भात्यासारखा दुमडणारा पाइप होता. चार इंची पाइप मशीन आणि भिंतीच्या मध्ये चेपून जेमतेम दोन बोटं उरला होता. क्लॅम्प सोडवला तर आतून करड्या लिंटचा, म्हणजे कपड्यांतून सुटलेल्या तंतूंचा, गठ्ठा सरळ मांडीवर पडला. त्या पाइपच्या प्रत्येक वळीत लिंट अडकतो. म्हणूनच तिथे आतून गुळगुळीत असलेला धातूचा पाइप हवा.

मग बाहेर जाऊन भिंतीवरचं तोंड पाहिलं. पक्षी शिरू नयेत म्हणून कोणीतरी त्यावर बारीक जाळी बसवली होती. हेतू चांगला, पण ड्रायरच्या तोंडावर जाळी कधीच बसवू नये. लिंट तिच्यावर थापला जातो, वाफेने ओला होतो, पुन्हा सुकतो आणि त्याचा नमदा होतो. इथे तो बोटभर जाड होता. त्याच्याआड झडप चिकटून बसली होती. म्हणजे हवेला या टोकाला वाट नव्हती आणि त्या टोकालाही नव्हती.

पण मला खरी भीती वाटली ती मशीनच्या पोटात पाहिल्यावर. ड्रायरचा पंखा हीटरवरून हवा ओढतो, ती कपड्यांतून फिरवतो आणि ओलावा घेऊन बाहेर ढकलतो. बाहेरची वाट बंद झाली की हवा सरकत नाही, उष्णता हीटरपाशीच साचते आणि लिंट सीलच्या फटींतून मशीनमध्येच पसरतो. हीटरच्या पत्र्याच्या डब्याभोवती तो साचला होता, आणि डब्याला टेकलेला थर तपकिरी पडला होता. चिमटीत धरला तर त्याचा चुरा झाला. बोटांना जळक्या कापडाचा वास येत होता. लिंट म्हणजे शेवटी मोकळा, कोरडा धागाच. ठिणगी पडली तर क्षणात भडकेल, आणि पाइपभर तोच भरलेला. शेजारच्या खोलीत काकूंची नात झोपली होती.

पुढचे तीन तास मी त्या पाइपशी झटलो. लवचीक दांड्या एकमेकींत पिळून जोडायच्या, पुढे ब्रश लावायचा, मागे ड्रिल. ड्रिल नेहमी दांड्यांचे आटे घट्ट होतील त्याच दिशेने फिरवायचं. चुकून उलटं फिरवलं तर जोड सुटतो आणि ब्रश भिंतीतच राहतो. दुसऱ्या एल्बोपाशी, म्हणजे पाइपच्या वळणावरच्या जोडापाशी, ब्रश सारखा अडत होता. तिथे जोडाला स्क्रू मारले होते, त्यांची टोकं आत आली होती आणि लिंट त्यांनाच धरून वाढला होता. स्क्रू काढून जोड फॉइल टेपने बंद केला. कापडी टेप उष्णतेने वाळून सुटते. कचऱ्याची एक मोठी पिशवी गच्च भरली.

डब्याभोवतीचा सगळा लिंट व्हॅक्यूमने काढला. मागे धातूचा आखूड पाइप बसवला, मशीन आणि भिंतीत पुरेशी जागा सोडली, बाहेरची जाळी काढून टाकली. मग मशीनमधली लिंट अडवायची जाळी काढून नळाखाली धरली. डोळ्यांना ती स्वच्छ दिसत होती, पण पाणी तिच्यावर तळ्यासारखं थांबलं. सुगंधासाठी कपड्यांत टाकायच्या कागदांचा मेणचट थर तिच्यावर बसतो, आणि हवेलाही तो तसाच अडवतो. साबण आणि मऊ ब्रशने घासल्यावर पाणी आरपार गेलं. जाळी दर वेळी झटकायची आणि पूर्ण पाइप वर्षातून एकदा साफ करून घ्यायचा, हे काकूंना सांगितलं. कपडे एका फेरीत वाळेनासे झाले तर वर्षाची वाटही पाहायची नाही.

नवा फ्यूज सगळ्यात शेवटी लावला.

ड्रायर सुरू करून काकूंना बाहेर नेलं. झडप पूर्ण उघडली होती. त्यांनी हात पुढे धरला, ऊबदार हवेचा झोत लागला तसा चटकन मागे घेतला.

"एवढी हवा यायला हवी होती होय! मग मागच्या वेळी हे का नाही पाहिलंत?"

"पाहायला हवं होतं, काकू. चुकलं माझं."

त्या काही बोलल्या नाहीत. मजुरी मी घेतली नाही.

रात्री कामाची वही काढून बसलो. वर्षभरात 'फ्यूज बदलला' एवढंच लिहिलेल्या अकरा नोंदी होत्या, पाइपचा एकीतही उल्लेख नव्हता. सकाळपासून एकेकाला फोन लावले आणि एकच विचारलं, टॉवेल एका फेरीत वाळतात का? चौघांनी नाही म्हटलं. त्यांना मी येईपर्यंत ड्रायर लावू नका असं सांगितलं आणि दांड्या, ब्रश घेऊन पहिल्या घरी निघालो.