उसाचे पाचट ते कुंडीचे माध्यम : आमची वाटचाल

शोभेच्या रोपांच्या नर्सऱ्यांना आम्ही आधी बाल्टिक देशांतून येणारे पीट, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरायचे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे माध्यम, पुरवत होतो. ते दलदलीत हजारो वर्षांत साठते आणि जहाजाच्या भाड्यासकट महाग पडते. इकडे दौंड-बारामती पट्ट्यात ऊस तुटला की पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, फडातच पेटवतात. उरुळी कांचनच्या नर्सऱ्या तिथून जवळ, म्हणून आम्ही पाचटाच्या कंपोस्ट खताकडे वळलो.

पाचटात नत्र फार कमी. कर्ब-नत्र प्रमाण शंभराच्या आसपास, म्हणजे एक भाग नत्राला (नायट्रोजनला) सुमारे शंभर भाग कर्ब (कार्बन). नुसते रचून ठेवले तर महिनोन्‌महिने तसेच राहते. आम्ही 3 ते 5 सेंमीची कुट्टी करतो. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणकाल्यात कालवलेले 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू. युरिया दोन हप्त्यांत द्यावा. एकदम टाकला तर बराच नत्र अमोनिया होऊन उडून जातो. ढीग दीड मीटर उंच. मूठ आवळली की बोटांत ओल दिसावी, धार लागू नये. आतले तापमान 55 ते 65 अंश हवे. 70 गाठायला लागले की लगेच पलटी, नाहीतर कुजवणारे जिवाणूच मरतात.

ढीग थंड झाला म्हणजे खत तयार झाले, असे नव्हे. तो कोरडा पडूनही थंड होतो. ओलसर खत प्लॅस्टिक पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर अजून पिकू द्या. कच्चे खत कुंडीत नत्र ओढून घेते; खालची पाने पिवळी पडतात, माध्यम खाली बसते.

आमचे नेहमीचे मिश्रण आकारमानाने 40 टक्के कंपोस्ट, 40 टक्के कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), 20 टक्के परलाइट (हवा खेळती ठेवणारे हलके खनिज दाणे). पीट आम्लधर्मी, त्यात चुना घालावा लागतो; कंपोस्टचा सामू (पीएच) साताच्या वर, इथे चुना अजिबात नको. पेटुनिया, इक्झोरा यांची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडते आहे. त्यांना कंपोस्ट 20 टक्केच, जोडीला ईडीडीएचए चिलेटेड लोह (जास्त सामूतही रोपाला घेता येईल असे लोह).

क्षारांवर आमचा सर्वांत जास्त कटाक्ष असतो. एक भाग माध्यम, पाच भाग पाणी घेऊन मोजलेली ईसी (क्षार किती ते दाखवणारी विद्युतवाहकता) 0.5 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत हवी. कोंबडीखताने ती झपाट्याने चढते, म्हणून ते आम्ही वापरत नाही. अरेका पाम कुंडीत वर्षभर राहतो आणि कंपोस्ट कुजतच असते. तिथे आम्ही 25 टक्क्यांवर थांबतो व नारळाच्या सोडणाचे तुकडे वाढवतो.